ताणलेल्या दोरीचा बाक

३ फेब्रुवारी

मास्तरीणबाई, आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, माझी तब्येत बरी आहे. मागच्या खेपेला हे वाक्य मी शेवटी लिहिलं होतं आणि तिथपर्यंत पोचेस्तोवर तुझा जीव टांगणीला लागला होता, म्हणून या वेळी आधीच लिहून टाकलं. फोन का करत नाही, असं विचारू नकोस. फोनवर तुझं बोलणं मला अर्धवट ऐकू येतं, न ऐकलेल्याला मी 'हो हो' म्हणतो, आणि मग दिवसभर घोर लागतो की आपण हो म्हटलं ते कशाला.

तुझी आई होती तोवर माझ्या शंका तिच्याकडे जायच्या. "दादा, तुझ्या डोक्यात किडे आहेत," एवढं म्हणून ती मला गप्प करायची आणि मला बरं वाटायचं. आता भाचीला विचारण्यावाचून गती नाही. तू कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतेस, आणि माझी शंका त्यातलीच आहे असं मला वाटतं.

माझ्या खोलीची फरशी मीच बसवलेली आहे. जन्मभर लोकांच्या घरी जे केलं ते एकदा स्वतःच्या पायाखाली केलं. खुर्चीत बसलं की समोर दारापर्यंत जाणारा एक लांब सांधा दिसतो. तो सांधा म्हणजे माझं समाधान आहे, हसू नकोस. तर गेल्या काही दिवसांत तो सांधा मधोमध पोट आल्यासारखा दिसायला लागलाय. आधी वाटलं, जमीन खचली. पाणसळ ठेवली, बुडबुडा बरोबर मधे. मग भिंतीपासून दारापर्यंत दोरी ताणून बांधली. मास्तरीणबाई, दोरीलाही बाक! बोटाने चाचपत गेलो तर बोटाला दोरी सरळ लागते. पुन्हा खुर्चीत येऊन बसलो की वाकडी. ताणलेल्या दोरीला बाक येत नाही, एवढं तर मला कुणी शिकवायला नको.

आता दुसरी गोष्ट. घरमालकाने गच्चीवर, नेमकी माझ्या डोक्यावर, पाण्याची नवी टाकी बांधली आहे. सिमेंटची. ती भरते तेव्हा वर हत्ती पाणी पितोय असं वाटतं. आणि परवा रेडिओवर एक बाई सांगत होत्या की जड वस्तूजवळून जाताना प्रकाशसुद्धा वाकतो. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. दोरी वाकली नसेल, तिच्याकडून माझ्याकडे येणारा प्रकाशच वाटेत वाकत असेल. असं होतं का? होत असेल तर ठीक. होत नसेल तर ही इमारत एक दिवस माझ्या अंगावर येणार.

उत्तर लवकर पाठव. पाकिटावर खोली नंबर ठळक घाल, नाहीतर खालचे लोक पत्र आपल्याकडेच ठेवतात आणि आठवण झाली की देतात.

तुझा मामा


१२ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

तुझं पत्र मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि मोठ्याने हसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, माझ्या मामाने प्रश्न विचारलाय. त्यांना त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. मामा, मी इतकी वर्षं शिकवतेय. वर्गात मला एकच प्रश्न येतो, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" आणि तू दोरी बांधून बसलायस!

तर ऐक. हो, प्रकाश वाकतो. रेडिओवरच्या बाई बरोबर होत्या.

यात दोन हिशेब आहेत. शास्त्रज्ञांची नावं तू विसरशील, म्हणून एकाला थोरले म्हणू, दुसऱ्याला धाकटे. थोरल्यांनी सांगितलं की प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढते. आणि हातातून विटेचा तुकडा सोड नाहीतर अख्खी वीट सोड, दोन्ही बरोबरच खाली पडतात. पडणं वजनावर नसतं. मग लोकांच्या मनात आलं की प्रकाश जर बारीक कणांचा असेल, तर ते कणही सूर्याजवळून जाताना थोडे पडत असतील. दगड फेकला की त्याची वाट वाकते, तशी प्रकाशाचीही वाकेल. फक्त प्रकाश इतका जोरात पळतो की त्याला पडायला फुरसतच मिळत नाही. म्हणून वाकणार अगदी जरासा. त्यांनी तो आकडाही काढला.

तो आकडा निघाल्यावर शंभरेक वर्षांनी धाकटे आले. ते म्हणाले, थोरल्यांच्या हिशेबात निम्मंच आलंय. जड वस्तू नुसती ओढत नाही, ती आपल्या भोवतालची जागाच वाकवते. हे तुला माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळेल. खालची जमीन फुगलेली असेल तर तू कितीही सरळ फरशी लावत गेलास तरी रांग फिरणारच ना? दोष फरशीचा नसतो. तसा प्रकाश आपल्या परीने सरळच जात असतो, पण ज्यावरून जायचं ते सरळ नसतं. पडण्याचं निम्मं आणि जागेच्या बाकाचं निम्मं, मिळून धाकट्यांचा आकडा थोरल्यांच्या दुप्पट झाला.

मग खरं कोण हे ठरवायचं कसं? सूर्याला अगदी खेटून येणारा ताऱ्याचा प्रकाश बघायला हवा, पण सूर्य असताना तारे दिसतात कुठे! म्हणून खग्रास ग्रहणाची वाट पाहिली. सूर्य झाकला गेला, त्याच्या शेजारचे तारे दिसले, त्यांचे फोटो काढले आणि एरवीच्या फोटोंशी ताडून पाहिले. तारे आपल्या जागेवर नव्हते. सूर्यापासून किंचित दूर सरकलेले दिसले, आणि धाकटे म्हणाले होते तेवढेच. गंमत बघ मामा, तारा आहे एकीकडे आणि आपल्याला दिसतोय दुसरीकडे, आणि तरी आपली नजर खोटं बोलत नाहीये. प्रकाश जिकडून आला तिकडेच ती बघतेय.

चार पानं झाली. वह्या तपासायच्या राहिल्या, राहू देत. आज जेवणाच्या टेबलावर वह्यांऐवजी तुझं पत्र होतं, बरं वाटलं.

तुझ्या टाकीचं विचारशील, तर तत्त्वतः तीसुद्धा प्रकाशाला ओढते. आणि पाणसळ ठीक असेल तर इमारतही ठीक आहे. घाबरू नकोस. अजून काय विचारायचंय? विचार.

तुझी भाची


१ मार्च

मास्तरीणबाई, आशीर्वाद.

जीव भांड्यात पडला. तुझं पत्र चारदा वाचलं. वाचायला वेळ लागतो हल्ली, पण वाचलं. थोरले मला आवडले. कमी बोलले, पण पहिले बोलले. धाकटे जरा जास्तच पुढे गेले असं वाटलं होतं, पण फुगलेल्या जमिनीचं लिहिलंस तिथे मी मान डोलावली.

'तत्त्वतः' हा शब्द वाचून मी लगेच खाली घरमालकाकडे गेलो. म्हटलं, "आमची भाची कॉलेजात शिकवते, तिने लिहून पाठवलंय की तुमची टाकी माझ्या खोलीतला प्रकाश ओढते."

तो दाढी करत होता. म्हणाला, "काका, टाकी पाणी ओढत नाहीये, पंप बिघडलाय. प्रकाश कुठून ओढणार?"

मी म्हटलं, "तत्त्वतः ओढते!"

"तत्त्वतः म्हणजे काय?"

"म्हणजे मुळापासून. पक्कं. शास्त्राने."

त्याने तोंडावरचा फेस पुसला आणि म्हणाला, "मग तत्त्वतः मी काय करू, ते सांगा."

मी सांगितलं, एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून दाखव. तो नाहीच म्हणत होता, पण पंपाच्या दुरुस्तीसाठी त्याला तशीही ती उपसावी लागली. ज्या दिवशी उपसली त्या दिवशी मी सकाळपासून खुर्ची मांडून, दोरी ताणून बसलो. वर सगळं पाणी गेल्याचा आवाज ऐकला. दोरीकडे पाहिलं. बाक होताच.

घरमालक दारात उभा राहून विचारतो, "काय काका, सुटला का प्रकाश?" मी त्याला म्हटलं, घाई करू नकोस. धाकट्यांच्या म्हणण्याप्रमाणे जागाच एकदा वाकली की लगेच सरळ होत नसेल. जुन्या गादीसारखं. उठलं तरी खड्डा राहतो. बरोबर ना?

उलट मला वाटतं बाक वाढलाय. आता दोरीच्या बरोबर मधे अंगठ्याचा ठसा उमटल्यासारखं करडं दिसतं. हात लावला तर तिथे काही नाही. पेपरातल्या शब्दाची मधली अक्षरं त्यात बुडतात, कडेची राहतात. परवा बसचा नंबर चुकला, भलतीकडेच गेलो, तिथून चालत आलो. काल चहा कपाच्या बाजूला ओतला. तू लिहिलंस तसंच झालं. कप आहे एकीकडे, दिसतोय दुसरीकडे, आणि तरी नजर खोटं बोलत नाही. हे आठवलं आणि मग फरशी पुसताना वाईट वाटलं नाही.

एक विचारतो. प्रकाश वाकतो तसं घड्याळावरही जडपणाचा काही परिणाम होतो का? माझं मागे पडतंय. सेल बदलून पाहिला आहे.

तुझा मामा

ता. क. जेवणाच्या टेबलावर वह्या घेऊन बसू नकोस. अन्न अंगी लागत नाही.


६ मार्च

मामा,

आधी घड्याळ, टाकी, थोरले, धाकटे सगळं बाजूला ठेव आणि हे पत्र उजेडात बसून नीट वाच. मी मोठ्या अक्षरात लिहितेय.

चूक माझी आहे. 'तत्त्वतः' म्हणजे पक्कं नाही. आम्ही हा शब्द कधी वापरतो, तर एखादी गोष्ट नुसती म्हणायला खरी असते पण प्रत्यक्षात कुणाला कधी दिसणार नसते तेव्हा. गमतीत लिहून गेले. तू ती गंमत अंगावर घेशील हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

खरा आकडा ऐक. सगळा सूर्य मिळून प्रकाशाला वाकवतो किती? अडीच किलोमीटरवर कुणीतरी नाणं धरलं तर ते जेवढं बारीक दिसेल तेवढा. थोरल्यांच्या हिशेबाने अर्धं नाणं. सूर्य, मामा! तुझ्या खोलीत भिंतीपासून खुर्चीपर्यंत येताना प्रकाश अख्ख्या पृथ्वीच्या ओढीने जेवढा पडतो, ते अंतर अणूच्या आतल्या गाभ्याहूनही लहान आहे. आणि टाकी ही पृथ्वीपुढे धुळीचा कणसुद्धा नाही. दोरीला बाक टाकीमुळे आला नाही. जागेमुळे आला नाही. जागा गादीसारखी दबून राहत नाही.

आता एक कर. आजच. खिडकीसमोर उभा राहा. आधी डावा डोळा हाताने झाक आणि उजव्याने खिडकीचे गज बघ. मग उजवा झाकून डाव्याने बघ. प्रकाश वाटेत वाकत असेल तर तो दोन्ही डोळ्यांना वाकलेलाच मिळेल. तो डोळा बघून वाकत नाही. एकाला सरळ आणि एकाला वाकडं दिसलं, तर बाक वाटेत नाही, डोळ्यात आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज आली की असं होतं, आणि त्यावर इलाज आहे, पण लवकर केला तर.

बघ आणि त्याच पावली डोळ्यांच्या दवाखान्यात जा. घरमालकाला घेऊन जा. मी फोन करतेय, तू उचलत नाहीस.

तुझी भाची


२४ मार्च

मास्तरीणबाई, आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. इतकी मोठी अक्षरं पाहून आधी वाटलं कुणी गेलं की काय. असं लिहू नये.

तू सांगितलंस ते केलं. उजव्याने गज सरळ दिसतात. धूसर, पण सरळ. डाव्याने वाकडे. पण तू एक विसरतेस. उजव्या डोळ्यात तरुणपणी फरशीचा कपचा उडाला होता, तेव्हापासून तो अडाणीच राहिला. त्याला अक्षर कळत नाही, माणूस कळत नाही, त्याला वाकडं-सरळ काय कळणार? तो सगळ्यालाच सरळ म्हणत असेल. माझा शिकलेला डोळा डावा. सगळी कामं मी त्याच्यावर केली. आता म्हातारपणी त्या अडाण्याची साक्ष धरून याला खोटा ठरवू का?

दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर रजेवर होते. पुन्हा जाईन. उन्हं फार आहेत, जरा कमी झाली की जाईन. घरमालकाला त्रास नको, तो आधीच टाकीवरून माझी टिंगल करतो. काल जिन्यात मला बघून बायकोला म्हणाला, "बाजूला हो, काकांचा प्रकाश येतोय."

फोन मला खरंच ऐकू येत नाही.

घड्याळाचं तू लिहिलं नाहीस. वेळ असेल तेव्हा लिही. मला ते समजून घ्यायचं आहे. जडपणाजवळ घड्याळ हळू चालतं असं त्या रेडिओवरच्या बाई शेवटी म्हणाल्या होत्या, पण तेवढ्यात खालून कुणीतरी पंप लावला. हळू चालतं म्हणजे काय? त्या घड्याळापाशी बसलेल्या माणसाला दिवस लांब वाटतो का? तसं असेल तर मला थोडं ठाऊक आहे. सविस्तर लिही, चार-पाच पानं झाली तरी चालतील.

ओळी खाली उतरल्या असतील तर समजून घे. कागद बिनरेघांचा आहे.

तुझा मामा


२८ मार्च

मामा,

कागद रेघांचा आहे. तुझ्या ओळी रेघा ओलांडून खाली गेल्या आहेत.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. दवाखान्याची वेळ इथूनच घेतली आहे. डॉक्टरीणबाई रजेवर नव्हत्या, मी विचारलं. कपडे घालून तयार बस. घड्याळाचं येऊन सांगते.

तुझी भाची


१९ एप्रिल

मामा, नमस्कार.

पोचले. गाडी वेळेवर होती. दार उघडलं तर आत बंद खोलीचा वास. सगळ्या खिडक्या उघडल्या, चहा केला, आणि दोन कप काढले. मग एक परत ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं पुन्हा लिहिते. थेंब विसरायचे नाहीत. डोळा चोळायचा नाही. पुढचं इंजेक्शन महिन्याने, त्यानंतर आणखी एक. घरमालक तुला घेऊन जाणार आहे. मी त्याच्याशी बोलले आहे. माणूस वाईट नाही. मला म्हणाला, "ताई, मी काकांना चिडवतो कारण ते मग दोन तास भांडतात. नाहीतर दिवसच्या दिवस तोंड उघडत नाहीत." मला ते कुठेतरी लागलं.

एक बोलायचं राहिलं ते लिहिते, तोंडावर जमलं नाही. तुझं पहिलं पत्र आज पुन्हा काढून वाचलं. त्यात सगळं होतं. सांध्याला पोट, दोरीला बाक, बोटाला सरळ. कुणीही वाचलं असतं तर म्हणालं असतं, डोळे दाखवा. मीच तेवढी अशी निघाले की मला त्यात प्रश्न दिसला, माणूस दिसला नाही. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं, या आनंदात मी सुटले. तू डोळा दाखवलास आणि मी तुला सूर्य दाखवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जरा आधी आणलं असतं तर..." आणि मग तुझ्याकडे बघून थेंबांचं सांगायला लागल्या. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

पण पहिल्या इंजेक्शननंतर डोळ्यावरची पट्टी काढली त्या सकाळी मी समोर बसून विचारलं, कशी दिसते, आणि तू पटकन म्हणालास, "बारीक झालीस." तेव्हा मला इतकं हलकं वाटलं! येताना गाडीत सारखं तेच आठवत होतं. म्हणजे दिसतंय. दिसतंय ना मामा? नीट?

तुझी भाची


११ मे

मास्तरीणबाई, आशीर्वाद.

जाड पेनाने लिहितोय, म्हणून पानं जास्त झाली. दुसरं इंजेक्शन झालं. घरमालक आला होता. दवाखान्यात माझ्याआधी त्यालाच घेरी आली, त्याला बाकावर आडवं केलं. मी त्याचा हात धरून बसलो. बाकी ठीक.

तू विचारलंस, दिसतंय ना नीट. खरं लिहितो. तुझ्या हातात पत्र पडेल तेव्हा मी समोर नसेन म्हणून लिहिता येतंय.

पट्टी काढली त्या सकाळी तू स्टुलावर बसलीस. मला तुझे कान दिसले. कानातलं दिसलं. मागची खिडकी आणि तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल दिसला. मधे जिथे तुझं तोंड हवं तिथे, ओल्या फरशीवरून कुणी फडकं फिरवावं तसं होतं. उजव्याला नेहमीचं धुकं. बारीक झालीस ते मी डोळ्याने सांगितलं नाही. दवाखान्याच्या जिन्यावर तू मला धरलं होतंस, तेव्हा तुझं मनगट हाताला लागलं होतं. तू हसल्याचं ऐकू आलं. मग काय बोलणार? तू आलीस, राहिलीस, गेलीस, आणि मी तुला पाहिलंच नाही.

डॉक्टरीणबाईंना या वेळी एकटं गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, सूज उतरते आहे, कडेचं सगळं राहील, पण मधलं गेलं ते परत येणार नाही. मी म्हटलं, सरळ सांगितलंत ते बरं केलंत. बाहेर येऊन बराच वेळ बसलो. घरमालकाला वाटलं मलाही घेरी आली.

तू स्वतःला लावून घेऊ नकोस. मला आधीच कळलं होतं. दोरी बोटाला सरळ लागली तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. आणि उजव्या-डाव्या डोळ्याचं तू लिहिलंस ते मी पहिलं पत्र टाकायच्या आधीच करून पाहिलं होतं. फरशीवाला एक डोळा मिटूनच ओळ बघतो, त्याला ते सांगावं लागतं का? पण डोळ्याचं म्हणून लिहिलं असतं तर तू एका ओळीत कळवलं असतंस, डॉक्टरकडे जा. बरोबरच होतं ते. प्रकाशाचं म्हणून विचारलं तर चार पानं आली. मी ती चारदा वाचली, दिवस बरे गेले. पाचव्यांदा वाचायला गेलो तेव्हा मधली अक्षरं सापडेनात. म्हणून पुन्हा विचारलं. त्यात थोडे दिवस जास्त गेले. एवढंच झालं. यात तुझं काही नाही आणि धाकट्यांचंही नाही.

आता एक चांगलं सांगतो. परवा घरमालक वर आला आणि पंपावरून माझ्याशी वाद घालायला लागला. मला त्याचा राग आला म्हणून मी तोंड फिरवून नळाकडे बघत बसलो. आणि मास्तरीणबाई, त्याची मिशी दिसली! अगदी स्पष्ट नाही, पण दिसली. रंगवली आहे त्याने. मी दचकून त्याच्याकडे पाहिलं तर तोंड गायब. पुन्हा नळाकडे पाहिलं, मिशी हजर. त्याला वाटलं मी माना वेळावून त्याची टिंगल करतोय. निघून गेला.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, असंच करायचं. जे बघायचं त्याच्याकडे बघायचं नाही, जरा शेजारी बघायचं. सवयीने जमतं. तेव्हापासून सवय करतोय. कपाच्या शेजारी बघतो आणि कपात चहा ओततो. तुझं पत्र असंच अक्षर अक्षर लावून वाचलं, आणि हेसुद्धा समासाकडे बघत लिहितोय. आरशात माझ्या कानाकडे पाहिलं तर मी दिसलो. फार काही बघण्यासारखं राहिलेलं नाही.

माणसांबरोबर मात्र पंचाईत होते. त्यांना वाटतं म्हाताऱ्याचं लक्ष नाही. बोलता बोलता थांबतात, उठून जातात. खालच्या बाई परवा म्हणाल्या, "काका, मी इकडे आहे."

म्हणून तुला आधीच लिहून ठेवतो. सुट्टीत येशील तेव्हा खिडकीकडे तोंड करून बस, उजेड तुझ्यावर पडू दे. मी तुझ्या खांद्याकडे बघत राहीन. तुला वाटेल, मामा भलतीकडेच बघतोय. बोलायची थांबू नकोस. तेव्हा मी तुलाच बघत असेन.

तुझा मामा